परत आलं तरच पुढे जाईल

सलाइन लावायची असली की सिस्टर कोपराच्या वर रबरी पट्टा बांधतात आणि म्हणतात, "काका, मूठ आवळा बघू." थोड्याच वेळात हातावरच्या शिरा टरारून वर येतात. पट्टा नेमका किती आवळायचा, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थिनीच्या हाताला सवयीनेच कळतं. फारच आवळला तर मनगटाची नाडी लागेनाशी होते, पंजा पांढुरका आणि गार पडतो आणि शिरा काही केल्या फुगत नाहीत. किंचित सैल केला की नाडी परत लागते, पंजा लालसर होतो आणि शिरा भरतात.

ही नुसती सुई टोचण्याची पूर्वतयारी वाटते. पण विज्ञानाच्या इतिहासातला हा एक मोठा प्रयोग आहे. इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वेने १६२८ मध्ये फ्रँकफुर्टहून छापलेल्या लॅटिन पुस्तकात तो असाच, आधी घट्ट आणि मग सैल बांधून, सांगितला आहे. रोहिणी, म्हणजे आर्टरी, खोलवर असते आणि तिच्यातला दाब जास्त असतो. नीला, म्हणजे व्हेन, वर असते आणि तिच्यातला दाब अगदी कमी. घट्ट पट्टा दोन्ही बंद करतो. सैल पट्ट्याखालून रोहिणीतलं रक्त हातात शिरतं, पण नीलेतून त्याला माघारी फिरता येत नाही. मग शिरा फुगतात त्या कुठल्या रक्ताने? हृदयाकडून आत्ताच आलेल्या. म्हणजे हातात गेलेलं रक्त हातातच संपत नाही, ते परत निघालेलं असतं.

त्या काळी हे म्हणणं धाडसाचं होतं. दीड हजार वर्षं युरोपात गेलनचा शब्द प्रमाण होता: यकृतात अन्नापासून रक्त तयार होतं, अवयवांकडे जातं आणि तिथेच खर्च होतं. हार्वेने साधा हिशेब मांडला. एका ठोक्याला अर्धा औंस रक्त बाहेर पडतं आणि अर्ध्या तासात हजार ठोके पडतात असं धरू. त्याने दोन्ही आकडे मुद्दाम कमी धरले होते. तरी अर्ध्या तासात ५०० औंस, म्हणजे साधारण १५ किलो रक्त झालं. एवढं रक्त अख्ख्या माणसात नसतं. यकृत ते दर अर्ध्या तासाला नव्याने बनवणार कुठून? तेव्हा तेच रक्त फिरून फिरून येत असणार. रोहिण्यांतून ते नीलांमध्ये कसं पोचतं, ते मात्र त्याला कधी दिसलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीच्या मार्सेलो माल्पिघीने बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पुरं झालं.

पाठ्यपुस्तकातली हृदयाची आकृती मुलींना तोंडपाठ असते. चार कप्पे, चार झडपा, उजवीकडे निळा रंग, डावीकडे लाल. परीक्षेत त्यावर पूर्ण गुण मिळतात, मिळायलाच हवेत. पण ती आकृती पाहून हृदय हा स्वतःच्या मर्जीने रक्त फेकणारा पंप आहे असा समज होतो, आणि वॉर्डात तोच नडतो. हृदयाकडे जेवढं परत येतं तेवढंच ते पुढे ढकलतं, त्याहून एक थेंबही जास्त नाही.

आकडे बघा. दर ठोक्याला सुमारे ७० मिलीलिटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे मिनिटाला पाच लिटर. शरीरात एकूण रक्तही पाचेक लिटरच. आता उजव्या जवनिकेने, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याने, डावीपेक्षा दर ठोक्याला फक्त एक मिलीलिटर जास्त ढकललं तर काय होईल? मिनिटाला ७२ मिलीलिटर आणि तासाभरात चार लिटरच्या वर रक्त फुफ्फुसात तुंबेल. असं होत नाही, याचं कारण हृदयाच्या स्नायूत आहे. भरताना तो जितका ताणला जातो, तितक्या जोराने (अर्थात मर्यादेतच) आकुंचन पावतो. जास्त आलं तर जास्त ढकलतो, कमी आलं तर कमी. जर्मनीच्या ओटो फ्रँकने आणि पुढे लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंगने शोधलेला हा नियम त्या दोघांच्या नावाने शिकवला जातो. दोन्ही बाजूंचा हिशेब जुळावा म्हणून मेंदूला वेगळा हुकूम सोडावा लागत नाही.

म्हणून परतीची वाट महत्त्वाची. विश्रांतीच्या वेळी शरीरातलं ६० टक्क्यांहून अधिक रक्त नीलांमध्येच असतं. माणूस आडव्याचा उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. परत येणारं रक्त कमी झालं की ठोक्याला बाहेर पडणारं रक्तही कमी होतं. मानेतल्या रोहिणीत आणि महारोहिणीच्या कमानीत दाब जोखणारे मज्जातंतू आहेत; ते हे लगेच हेरतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, ठोके वाढतात आणि आपल्याला काही कळतही नाही. आठवडाभर अंथरुणाला खिळलेल्या आजींना मात्र कळतं. "आजी, एकदम उठू नका, आधी पाय खाली सोडून बसा" हे रोजचं वाक्य त्यासाठीच आहे. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा बीपी २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तो पोश्चरल हायपोटेन्शन. नोंद करायची आणि सांगायचं.

पायातलं रक्त वर चढवण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळले की नीला पिळल्या जातात, आणि नीलांमधल्या झडपा रक्ताला खाली येऊ देत नाहीत. ऑपरेशननंतर पेशंटच्या मागे लागून त्याला पाऊल हलवायला लावणं, लवकर चालवणं, हे या पोटरीसाठी आहे. तिथे रक्त थबकलं की गुठळीची भीती.

आता बीपी. इटलीत ट्युरिनला रिवा-रोचीने १८९६ मध्ये दंडाला बांधायचा कफ बनवला, त्यात सायकलच्या ट्यूबचं रबर होतं. पण तो बोटाने नाडी बघायचा, त्यामुळे वरचाच आकडा मिळे. खालचा आकडा दिला रशियातल्या निकोलाय कोरोत्कोव्ह या सर्जनने. युद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या रक्तवाहिन्यांवर त्याचं काम चाललं होतं, त्यामुळे रोहिणीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकायची त्याला सवय होती. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्याने एक पानही न भरणारी टिपणी वाचली. तुम्ही आज करता ते नेमकं तेच.

कफखाली ऐकू येतं ते हृदय नव्हे. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसंच रक्ताचं आहे: पूर्ण उघड्या रोहिणीतून ते मुकाट वाहतं, पूर्ण बंद असेल तर आवाजाचा प्रश्नच नाही. कफमधली हवा सुटत जाते तशी रोहिणी प्रत्येक ठोक्याला क्षणभर उघडते, त्या फटीतून रक्त घुसतं आणि टक् टक् ऐकू येतं. पहिला टक् म्हणजे वरचा आकडा. कफ रोहिणीला दाबेनासा झाला की आवाज थांबतो, तो खालचा आकडा. हवा सोडायची ती सेकंदाला दोन-तीन मिलिमीटरच्या वेगाने. घाई केली तर पहिला टक् हातातून निसटतो. दंड जाड आणि कफ लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो. पाय लोंबकळत असतील, पाठीला टेका नसेल, पेशंट मुलीच्या लग्नाची हकिगत सांगत असेल, तरीही तेच. आधी नाडी बोटाखाली धरून कफ फुगवावा, कारण काही जणांत मधेच आवाज गायब होतो आणि तो खालून परत आला की तोच पहिला समजला जातो.

ऑटोमॅटिक मशीन आवाज ऐकतच नाही. ते कफमधली कंपनं मोजतं आणि त्यावरून दोन्ही आकडे गणिताने काढतं. नाडी अनियमित असेल तर गणित चुकू शकतं. तिथे हाताने घेतलेला बीपीच भरवशाचा. आणि रात्रपाळीत ओळीने सगळ्या पेशंटचा बीपी १२०/८० भरलेला तक्ता तुम्हीही कधीतरी पाहाल. इतका निरोगी वॉर्ड जगात कुठे नसतो.

दोन आकड्यांपैकी लक्ष जातं ते वरच्याकडे. एखाद्या ऑपरेशन झालेल्या पेशंटची उदाहरणादाखल नोंद घेऊ. दुपारी दोनला बीपी ११८/७६, नाडी ८४. चारला बीपी ११४/९०, नाडी ११२. वरचा आकडा जवळपास तोच, म्हणून कुणी निर्धास्त राहील. पण दोन आकड्यांमधलं अंतर ४२ वरून २४ वर आलं आहे. ठोक्याला बाहेर पडणारं रक्त घटलं की ते अंतर आक्रसतं. खालचा वाढला आहे कारण बारीक रोहिण्या आवळून शरीर दाब टिकवून धरतंय. नाडी वाढली तीही त्यासाठीच. धडधाकट माणसाचा तिसरा हिस्सा रक्त जाईपर्यंत वरचा आकडा तग धरू शकतो, आणि तो कोसळतो तेव्हा हाताशी वेळ उरलेला नसतो. अशा वेळी हात गार लागतात का बघा. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परतते का? लघवीच्या पिशवीत तासाला ३० मिलीलिटर तरी जमतंय का? यातलं काहीच मशीनच्या पडद्यावर दिसत नाही.

नाडी वाढण्याचीही किंमत असते. मिनिटाला ७५ ठोके असताना एक ठोका ०.८ सेकंदाचा, त्यात पाचेक दशांश सेकंद विश्रांती. १५० झाले की सगळा खेळ ०.४ सेकंदात, आणि कात्री बसते ती मुख्यतः विश्रांतीला. हृदय त्या विश्रांतीतच भरतं. शिवाय डाव्या जवनिकेच्या स्नायूला स्वतःसाठी रक्त मिळतं ते बहुतांशी त्याच वेळात.

याच्या उलट, आलेलं पुढे ढकलणं हृदयाला झेपेनासं झालं तर मागे तुंबतं. डावी बाजू थकली की फुफ्फुसात. पेशंट म्हणतो, "सिस्टर, आडवं झालं की जीव घाबरतो, अजून एक उशी द्या." कालपर्यंत दोन उशा पुरत होत्या, आज तीन लागतात, ही नोंद केसपेपरवर लिहिण्याइतकी मोलाची आहे. उजवी बाजू थकली की मानेची शीर फुगलेली दिसते, पाय सुजतात. पण पडून असणाऱ्या पेशंटचे पाय नुसते बघून भागत नाही. पाणी उताराकडे जातं आणि त्याच्यासाठी उतार असतो कमरेच्या मागे. कूस बदलताना तिथे अंगठा दाबून पाहा, खड्डा राहतो का. रोज सकाळी लघवी झाल्यावर, त्याच काट्यावर, त्याच वेळी घेतलेलं वजन याहून आधी सांगतं: एका रात्रीत एक किलो वाढलं, तर ते एक लिटर पाणी आहे, चरबी नव्हे.

बाळंतपणाच्या वॉर्डात या सगळ्याला वेगळंच वळण लागतं. गरोदरपणात रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. त्यामुळे प्रसूतीनंतर रक्तस्राव झाला तरी बीपी बराच वेळ सावरलेला दिसतो, आणि तिथे नाडीच आधी खरं बोलते. पाचव्या महिन्यानंतर बाई उताणी झोपली तर जड गर्भाशय मणक्यासमोरच्या मोठ्या नीलेवर येतं. शरीराच्या खालच्या अर्ध्या भागाचं रक्त त्याच नीलेतून परत येतं. बाई घामाघूम होते, मळमळतं, "ताई, डोळ्यांपुढे अंधारी येतेय" म्हणते, बीपी उतरतो. हृदयात काही बिघाड नसतो, त्याच्यापर्यंत रक्तच पोचत नसतं. डाव्या कुशीवर वळवलं की दोन-चार मिनिटांत ती बोलायला लागते. सिझेरियनच्या टेबलावर उजव्या कमरेखाली उशी सारतात ती याचसाठी. आणि गरोदर बाईचं हृदय थांबून सीपीआर द्यायची वेळ आली, तर एकजण छाती दाबत असताना दुसऱ्याने दोन्ही हातांनी पोट डावीकडे सरकवून धरायचं असतं; नाहीतर छाती कितीही दाबली तरी पुढे ढकलायला आत पुरेसं रक्त येतच नाही.