पोलोग्राउंडच्या पोरांचा फास्टर फेणे

भा. रा. भागवतांचा जन्म इंदूरचा, ३१ मे १९१० चा. पुण्याच्या वाचकांना हे फारसं ठाऊक नसतं आणि दुःख याचं की, इंदूरकरांनाही नसतं. त्यांच्या रहस्यकथांचा शाळकरी नायक फास्टर फेणे फुरसुंगीचा, त्याची शाळा पुण्याची विद्याभवन; तेव्हा लेखकही तिथलाच, असं सगळे धरून चालतात.

भागवतांनी आकाशवाणीची नोकरी केली, १९४२ च्या आंदोलनात तुरुंगवास भोगला आणि १९५१ मध्ये मुलांसाठी ‘बालमित्र’ मासिक काढलं. ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला तोही त्यांनीच. व्हर्नची १८६४ ची पाताळप्रवासाची कादंबरी एका सांकेतिक चिठोऱ्यापासून सुरू होते. प्राध्यापक काका अक्षरांची नाना तऱ्हांनी जुळणी करून थकतात. पुतण्या उकाड्याने हैराण होऊन तोच कागद वारा घ्यायला हलवतो, कागदाची मागची बाजू डोळ्यांपुढे येते आणि मजकूर उलटा वाचायचा आहे हे त्याला उमगतं. उत्तर पहिल्यापासून समोरच होतं.

मला फेण्याची रहस्यं याच जातकुळीतली वाटतात. किडकिडीत बनेश फेणेकडे प्रयोगशाळा नाही, पिस्तूल नाही. सायकल आहे, सुभाष देसाईसारखा मित्र आहे आणि काही खटकलं की स्वस्थ न बसणारं डोकं आहे. ‘ट्टॉक’ म्हणून तो निघाला की वाचणारा पोरगाही त्याच्या मागे निघतो. वीस पुस्तकं झाली, प्रतापगडापासून गुलमर्गपर्यंत तो फिरला. चित्रकार राम वाईरकरांनी त्याला चेहरा दिला.

मुलांच्या हाती तपास सोपवण्याची ही रीत जगात आधीपासून होती. एरिक केस्टनरच्या १९२९ च्या कादंबरीत एमिलचे पैसे आगगाडीत चोरीला जातात. बर्लिनची पोरं चोराला घेरतात, पण नोटा एमिलच्याच कशावरून? त्याने त्या कोटाच्या आत टाचणीने टोचून ठेवलेल्या असतात. नोटांवरची भोकं पुरावा ठरतात. एवढीशी टाचणी, पण वाचकाला ती आधीच दाखवलेली असते. मुलांच्या रहस्यकथेचा प्रामाणिकपणा मी यावरूनच जोखतो.

आम्हा इंदूरच्या पोलोग्राउंडच्या पोरांना फेणे मिळाला तो उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून येणाऱ्या आत्या-मावशांच्या पिशव्यांतून. वडील तिथल्या कारखान्यात, शाळा हिंदी माध्यमाची, मराठी फक्त घरात बोलण्यापुरती. जोडाक्षरांशी अडखळणारी आम्ही मुलं चोर कोण हे कळायला हवं म्हणून पानामागून पान वाचत सुटलो. मग कारखान्याच्या भिंतीलगतचे चाकांचे माग, पाळी सुटल्यावर परत न गेलेली एखादी सायकल, फाटकाशी पडलेली चिठ्ठी, सगळ्यांचा तपास सुरू झाला. गुन्हेगार एकही सापडला नाही. वाचता मात्र सगळ्यांना आलं. आईच्या धाकाने जे झालं नव्हतं ते भागवतांनी केलं, हे मी आजही कृतज्ञतेने सांगतो.

पुढे फेणे दूरदर्शनवर सुमीत राघवनच्या रूपाने दिसला. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदारांच्या चित्रपटात तो अमेय वाघच्या रूपाने तरुण होऊन आला आणि दिलीप प्रभावळकरांनी त्यात भागवतांची भूमिका केली. चित्रपट चांगला होता, पण शाळकरी फेण्याची जागा अजून रिकामीच आहे. आज पोलोग्राउंडवर वीज कंपनीचं मुख्यालय आहे, उद्योग आहेत, आणि आसपासच्या वस्त्यांत अजून मराठी घरंही आहेत. त्या घरांतली मुलं आता इंग्रजी माध्यमात जातात.

इंदूरच्या मराठी आई-वडिलांना, आजी-आजोबांना माझी एक विनंती आहे. फेण्याची एखादी कथा मुलांना मोठ्याने वाचून दाखवा आणि उलगडा होण्याच्या एक पान आधी थांबा. ‘कोण असेल रे? कशावरून?’ एवढंच विचारा, आणि पुस्तक त्यांच्या हाती देऊन टाका.