मोजलं की बरकत जाते?

दस्तरखानावर बसलेल्या माणसाच्या भाकरी मोजू नयेत, असं आपल्या घरांत लहानपणापासून सांगितलं जातं. पिठाच्या डब्यात वरचेवर डोकावू नये, धान्य मापत बसू नये, मोजलं की बरकत उठते. दादी-नानीच्या तोंडचं हे वाक्य कानांत इतकं बसलेलं असतं की डॉक्टरांनी ‘दिवसभरात काय काय खाता ते लिहून आणा’ म्हटलं की आधी संकोच वाटतो, मग हसू येतं आणि वही कोरीच राहते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले. त्यानुसार देशात मधुमेही दहा कोटींच्या वर आहेत, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले त्याहूनही जास्त. आमच्या उचगावात काय किंवा कोल्हापूर शहरात काय, सकाळी उपाशीपोटी गोळी घेणारं माणूस नाही असं घर आता शोधावं लागतं. तेव्हा हा बरकतीचा प्रश्न आधी सोडवला पाहिजे.

सही बुखारीत हजरत मिकदाम बिन मादीकरिब (रजि.) यांची एक हदीस आहे. तिच्यात प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी धान्य मापून घ्यायला सांगितलं आहे आणि त्यात बरकत होईल असं म्हटलं आहे. पोटाचे तीन भाग करून एक अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही आपल्या सर्वांना पाठ असलेली हदीसही याच मिकदाम (रजि.) यांनी सांगितलेली. तिरमिजीत ती आहे. मापून घ्या आणि बेताने खा, या दोन्ही गोष्टी आपल्यापर्यंत एकाच सहाबींकडून आल्या, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं.

मग दादीचं म्हणणं कुठून आलं? त्यालाही आधार आहे. हजरत आयेशा (रजि.) सांगतात की त्यांच्या घरी फळीवर थोडे जव होते, त्यावर पुष्कळ दिवस गुजराण झाली, आणि एकदा मापून पाहिल्यावर ते संपले. हदीसच्या भाष्यकारांनी या दोन्हींचा मेळ घातला आहे. घेताना, देताना आणि व्यवहारात मापावं. उरलंय किती, पुरेल की नाही, अशा धास्तीने साठ्यात डोकावून मोजत बसू नये. म्हणजे माप गैर नाही, त्यामागची धास्ती गैर. सदकतुल फित्र देताना आपण अर्धा साअ गहू, म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास, असा काटेकोर हिशोब करतोच की. तेव्हा कुणाला बरकत आठवत नाही!

आता कॅलरी. शाळेत शिकवतो तेवढंच सांगते. एक किलो पाण्याचं तापमान एक अंश सेल्सियसने वाढवायला जितकी उष्णता लागते, ती आहाराच्या भाषेतली एक कॅलरी. पाकिटावर तिलाच किलोकॅलरी लिहितात, त्यामुळे गोंधळून जाऊ नये. पिष्ट पदार्थ आणि साखर यांच्या एका ग्रॅममध्ये ४, प्रथिनांच्या एका ग्रॅममध्येही ४ आणि तेल-तुपाच्या एका ग्रॅममध्ये ९. आपल्या अन्नाचे असे तक्ते काही कालपरवाचे नाहीत. निलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून पहिलं पुस्तक १९३७ साली निघालं. तीच संस्था पुढे हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तिच्या २०१७ च्या तक्त्यात ५२८ खाद्यपदार्थांचं पृथक्करण आहे, त्यात आपली ज्वारी, नाचणी, शेंगदाणे सगळं आहे.

माहितीची कमतरता नाही, अडचण आपल्या जेवणाच्या पद्धतीची आहे. कॅलरी मोजण्याची मोबाइलवरची बहुतेक साधनं एकट्याने, स्वतःच्या ताटलीत जेवणाऱ्या माणसाला धरून केलेली असतात. आपल्याकडे सालन एका पातेल्यात, बिर्याणी एका परातीत, कधी चौघं एकाच थाळ्यात. त्यात ‘तुमच्या ताटात किती ग्रॅम?’ याला उत्तर काय द्यायचं? म्हणून माझं मत असं की आपल्या घरांत मोजणी ताटावर करूच नये. ती किराणाच्या यादीवर करावी आणि पातेल्यात टाकताना करावी. मिकदाम (रजि.) यांच्या हदीसचा अर्थही तोच निघतो. अन्न साठ्यातून बाहेर काढताना मापा, खाणाऱ्याच्या हाताकडे बघू नका.

किराणाची यादी प्रत्येक घरात असते, तीच आपली पहिली वही. समजा पाच माणसांच्या घरात महिन्याला ७ लिटर तेल येतं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे ६३७० ग्रॅम. भागिले पाच माणसं, भागिले ३० दिवस, उत्तर ४२ ग्रॅम. गुणिले ९, म्हणजे माणशी रोज ३८० कॅलरी केवळ तेलाच्या. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या २००० कॅलरींच्या नमुना ताटात दिवसाला तेल-तूप २७ ग्रॅम आहे. त्या हिशोबाने याच घराला महिन्याला साडेचार लिटरच्या आत भागवायला हवं, आणि तूप, बाहेरचे वडे-भजी वेगळे धरलेलेच नाहीत. साखरेचंही तसंच. महिन्याला ६ किलो म्हणजे माणशी रोज ४० ग्रॅम, १६० कॅलरी. दोन चमचे साखरेचे चार कप चहा झाले की तेवढी होते. संस्थेची मर्यादा फार तर २५ ग्रॅम, म्हणजे पाच जणांना महिन्याला पावणेचार किलो. सातवीतल्या मुलामुलीला ही उदाहरणं घालावीत, आनंदाने सोडवतात. आणि घरचं तेल त्यांनी मोजलं की अम्मीला कुणी बोललं असंही होत नाही. घरात लहान मूल असेल तर त्याला अर्धं माणूस धरावं, पाहुण्यांचा राबता असेल तर थोडी सूट द्यावी. हिशोब शंभर टक्के बरोबर यायची गरज नाही. या महिन्याचा आकडा मागच्या महिन्याशी ताडून बघता आला म्हणजे झालं.

कोल्हापुरात एक गैरसमज विशेष आहे, तो गुळाचा. ‘आम्ही साखर बंद केली, गुळाचा चहा पितो,’ असं मधुमेही माणूस अभिमानाने सांगतो. गूळ आपल्या जिल्ह्याचा अभिमान आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, पण १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास कॅलरी असतील तर गुळातही साडेतीनशेच्या वरच असतात. हिशोबात त्याला साखरेच्याच रकान्यात लिहावं. मधाचंही तसंच.

दुसरी मोजणी पातेल्यातली. त्यासाठी काटा विकत आणायलाच हवा असं नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबरोबर येणारं ५ आणि १० मिलीच्या खुणांचं झाकण जपून ठेवावं. फोडणीला तेल बुधलीतून थेट ओतण्याऐवजी एक-दोन आठवडे त्या झाकणाने टाकून पाहावं. ५ मिली तेल म्हणजे ४० ते ४५ कॅलरी. घरातली वाटी एकदा पाण्याने भरून मापावी, कारण पुस्तकात ‘एक वाटी’ म्हणजे १५० मिली असते आणि आपली मेहमाननवाजीची वाटी कधी २५० ची निघते.

आता घरच्या बिर्याणीचं उदाहरण घ्या. एक किलो तांदूळ ३५०० कॅलरी. हाडासकट एक किलो मटण, चरबी किती त्यावर अवलंबून, पण १६०० धरू. कांदा तळायचं तेल आणि तूप मिळून पाव किलो, २२५०. दही, कांदे वगैरे ३५०. एकूण ७७०० झाल्या. आठ जणांनी संपवली तर माणशी साडेनऊशेच्या वर, त्यात तेल-तुपाच्याच २८०. बिरिस्ता तळलेलं तेल सगळंच्या सगळं पातेल्यात न उलटता निम्मं बाजूला काढून दुसऱ्या दिवशीच्या भाजीला वापरलं तर माणशी १४० वाचतात, आणि खाणाऱ्याला कळतही नाही. पांढऱ्या रश्श्यातही कॅलरी खोबरं, काजू आणि खसखस यांच्या असतात. पाण्याला कॅलरी नसते. सालनात पाणी वाढवून शेजाऱ्यांना त्यातलं देण्याची शिकवण हजरत अबू जर (रजि.) यांना मिळाली होती. मुस्लिम शरीफमध्ये ती हदीस आहे. आपण शेजार विसरलो आणि रस्साही घट्ट केला.

किती लागतं, हे मात्र माणसागणिक वेगळं. उचगाव एका बाजूने गांधीनगरच्या कापड बाजाराला लागून आहे, आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती दुचाकीच्या अंतरावर. एकाच घरात एक भाऊ कारखान्यात दिवसभर उभा राहून अंगमेहनत करतो, दुसरा दुकानात गादीवर बसतो, आणि भाभी दोघांना सारखाच डबा भरते. पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत बैठ्या कामाच्या पुरुषाला दिवसाला २११० कॅलरी आणि मध्यम कष्टाच्या पुरुषाला २७१० सांगितल्या आहेत. फरक ६०० चा. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत २०० ते २३० कॅलरी धरल्या, तर जवळजवळ तीन भाकरींचा. दुकानातल्या भावाच्या डब्यातून दोन भाकरी कमी करून काकडी-टोमॅटो भरला तर ती काटकसर किंवा नाराजी नव्हे, हे घरात एकदा बोलून ठेवलेलं बरं. बैठ्या कामाच्या बाईसाठी १६६० आणि मध्यम कष्टाच्या बाईसाठी २१३० हे आकडे आहेत.

बाईच्या खाण्याचा हिशोब घरात सर्वांत कच्चा राहतो. ती शेवटी जेवते, उभ्याने जेवते, आणि तिचं निम्मं जेवण कुणाच्याच मोजणीत येत नाही. मुलाने अर्धा टाकलेला पराठा, पातेल्याच्या तळाचा भात, सकाळच्या चहात बुडवलेली दोन खारी. अन्न वाया घालवणं गुन्हा आहे, हे तिला पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते सगळं तिच्या पोटात जातं. कुरआनात सूरह आराफच्या ३१ व्या आयतीत खाण्यापिण्याची मुभा आणि अतिरेकाची मनाई शेजारीशेजारी आहेत. भूक नसताना उरलेलं संपवणं हाही अतिरेकच, असं मला वाटतं. यावर उपाय ताटात नाही, पुन्हा मापट्यातच आहे. मुलांना आधी अर्धं वाढावं, रोज भात उरत असेल तर उद्या एक मूठ तांदूळ कमी टाकावा.

रात्री इशाच्या नमाजनंतर पाच मिनिटं काढून ज्याने त्याने आपापलं खाल्लेलं आठवून लिहावं. रोज जमणार नाही. आठवड्यातून तीन दिवस पुरे, त्यात एक सुट्टीचा दिवस धरावा. आकडे नंतर घालता येतात, आधी नुसते शब्द लिहावेत. चिवडा, दुकानावरचा चहा, शाळेत कुणाच्या वाढदिवसाचा पेढा, असे पदार्थ लिहिताना आपोआप आठवत जातात. मोबाइलवर हिशोब हवा असेल तर राष्ट्रीय पोषण संस्थेचंच ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ नावाचं ॲप आहे, त्यात आपले पदार्थ सापडतात. पाकिटावर मात्र नीट बघा. पुढच्या बाजूला लहान आकडा असतो तो ‘एका सर्व्हिंग’चा, आणि पाकीट चार सर्व्हिंगचं. शुक्रवारी सकाळी गुसलच्या आधी वजन आणि महिन्यातून एकदा कमरेचं माप घ्यावं. कंबर पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर असली तर डॉक्टरांकडे जाऊन साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा.

काही घरांत ही वही उघडूच नये. वाढत्या वयाच्या मुली, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका आणि आधीच अशक्त असलेली माणसं यांचं खाणं मोजून कमी करणं धोक्याचं आहे. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारी पाहणीतूनच दिसलं आहे. त्यांना तेल-साखर कमी करून डाळ, अंडी आणि पालेभाजी वाढवायला हवी. आणि पाहुण्यासमोर, सुनेसमोर किंवा जाड मुलासमोर दस्तरखानावर कॅलरी हा शब्दसुद्धा उच्चारू नये. तिथे मात्र दादीचंच खरं.

रमजानमध्ये ही वही बहुतेक घरांत बंद पडते, आणि नेमकं याच महिन्यात काहींचं वजन वाढलेलं आढळतं. दिवसभराचा रोजा असतो, पण इफ्तारला दोन मोठे समोसे, भजी आणि पाच चमचे साखरेचं लाल सरबत झालं की सात-आठशे कॅलरी मगरिबच्या अजानपासून दहा मिनिटांत पोटात जातात. जेवण पुढे आहेच. लहान खजुरात २० ते २५ कॅलरी असतात, मोठ्या मेजूलमध्ये ६५ च्या आसपास. खजूर, पाणी आणि फळांनी रोजा सोडून नमाज पढून यावं, मग जेवायला बसावं. तळलेलं रोज न करता जुम्म्याला करावं. गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी रोजे सुरू होण्याआधी डॉक्टरांना भेटून डोस ठरवून घ्यावा, स्वतःच्या मनाने बदलू नये.

ईदच्या शीरखुर्म्याचाही हिशोब मी करून पाहिला. एक लिटर साय असलेलं दूध, दीडशे ग्रॅम साखर, शंभर ग्रॅम शेवया, तेवढाच सुका मेवा, तेवढीच खारीक आणि दोन चमचे तूप मिळून ३००० च्या आसपास होतात. लहान बारा वाट्या केल्या तर वाटीला २५०. सकाळपासून सहा घरी गेलात तर दीड हजार. कुणालाच ‘नको’ म्हणता येत नाही, म्हणून यंदा आमच्या गल्लीतल्या चार घरांनी मिळून ठरवलंय, वाट्या चहाच्या कपाहून मोठ्या काढायच्या नाहीत आणि दीडशेच्या जागी शंभर ग्रॅम साखर टाकायची. खारीक गोड असतेच. ईदनंतरच्या पहिल्या जुम्म्याला वजन करून वहीत तारीख टाकायची, आणि त्याच दिवशी तेलाच्या पिशव्या मोजायच्या.