आकाशातील स्पर्धा आणि वर्गातील बाक

७ जून १९६२ रोजी कराचीपासून जवळच, बलुचिस्तानच्या समुद्रकिनाऱ्यावरील सोनमियानी येथून ‘रहबर-१’ नावाचा अग्निबाण आकाशात झेपावला. सुमारे १३० किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचताना त्याने सोडियमच्या वाफेचा ढग सोडला. त्या ढगाच्या हालचालीवरून वातावरणाच्या वरच्या थरांतील वाऱ्यांचा अभ्यास करण्यात आला. त्या दिवशी भारताच्या खात्यावर असा एकही अग्निबाण नव्हता. केरळमधील थुंबा येथून आपला पहिला अग्निबाण उडाला तो २१ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे शेजाऱ्यानंतर सुमारे सतरा महिन्यांनी.

आज चित्र पूर्णपणे पालटलेले आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात अलगद उतरले, तो क्षण आपल्यापैकी अनेकांनी शाळेत, घरी किंवा कचेरीत दूरचित्रवाणीसमोर श्वास रोखून पाहिला असेल. पाकिस्तानकडे मात्र अद्याप स्वतःच्या भूमीवरून उपग्रह कक्षेत नेणारा अग्निबाण नाही. प्रारंभी पुढे असलेला देश मागे का राहिला, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्यामागे शेजाऱ्याला हिणविण्याचा हेतू नाही. या प्रश्नाच्या उत्तरात आपल्यासाठीही एक इशारा दडलेला आहे, म्हणून तो विचारायचा.

एकाच गुरूचे दोन शिष्य

दोन्ही देशांची सुरुवात विलक्षण सारखी आहे. पाकिस्तानची ‘सुपार्को’ ही अवकाश संस्था सप्टेंबर १९६१ मध्ये स्थापन झाली, तर भारताची अवकाश संशोधन समिती १९६२ च्या आरंभी. अमेरिकेच्या ‘नासा’ने दोन्ही देशांच्या तरुण अभियंत्यांना प्रशिक्षण दिले आणि दोघांचे पहिले अग्निबाणही अमेरिकेतूनच आले. दोन्हीकडच्या आद्य धुरीणांतही साम्य होते. अहमदाबादचे विक्रम साराभाई आणि पंजाबातील झंग येथील अब्दुस सलाम हे दोघेही अखंड हिंदुस्थानात जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ आणि दोघेही केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयाचे विद्यार्थी.

थुंबाची निवड होण्यामागे शास्त्रीय कारण होते. पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्तरेषा या भागावरून जाते आणि तिच्यावरील आकाशात, शंभरेक किलोमीटर उंचीवर, विद्युत्प्रवाहाचा एक पट्टा वाहतो. त्याचा अभ्यास जागेवरूनच करावा लागतो. योग्य जागेच्या शोधात साराभाईंचे सहकारी, मूळचे कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस यांचा मोठा वाटा होता. मात्र निवडलेल्या जागी कोळ्यांची वस्ती होती आणि त्यांचे चर्चही होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी आपल्या लोकांना विश्वासात घेतले आणि त्या गावकऱ्यांनी घरे व प्रार्थनास्थळ विज्ञानासाठी सोडून दिले. चर्चची इमारत हीच शास्त्रज्ञांची पहिली कचेरी झाली. भारतीय अवकाश कार्यक्रमाच्या पायाभरणीत या कोळी कुटुंबांचा त्याग आहे, हे विसरून चालणार नाही.

वर जाणे आणि वर राहणे

येथे एक शास्त्रीय भेद समजून घेतला पाहिजे. रहबर-१ किंवा थुंबाचा पहिला अग्निबाण हे दोन्ही ‘परिज्ञापी’ अग्निबाण होते. असा अग्निबाण उंच जातो, काही मिनिटे मोजमाप करतो आणि वर फेकलेल्या दगडाप्रमाणे खाली येतो. उपग्रह कक्षेत ठेवायचा तर केवळ उंची पुरत नाही. त्याला जमिनीला समांतर दिशेने ताशी सुमारे २८,००० किलोमीटर इतका वेग द्यावा लागतो. तेव्हा कोठे तो खाली पडत असतानाही पृथ्वीच्या गोलाईमुळे जमिनीवर आदळत नाही, पृथ्वीभोवती फिरत राहतो.

हा वेग मिळविण्यासाठी एकावर एक रचलेले अनेक टप्पे, विश्वासार्ह इंधन, मार्गदर्शनाची यंत्रणा आणि हजारो सुट्या भागांचे अचूक काम लागते. हे सारे बाजारातून विकत मिळत नाही, कारण हेच तंत्र क्षेपणास्त्रांनाही लागू पडते आणि कोणताही देश ते सहजासहजी दुसऱ्याला देत नाही. पहिला अग्निबाण उसना आणता येतो. त्यापुढची वाट मात्र स्वतःच्या माणसांच्या बळावर चालावी लागते. दोन्ही देशांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्या याच वळणावर.

भारताने ही वाट संथपणे, अडखळत, पण न सोडता चालली. १५ ऑगस्ट १९६९ रोजी ‘इस्रो’ची स्थापना झाली. घन इंधनाचे तंत्र देशातच विकसित करण्यात डॉ. वसंत गोवारीकर यांच्यासारख्या मराठी शास्त्रज्ञाने मोलाचे काम केले. १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत अग्निबाणाच्या साहाय्याने ‘आर्यभट’ हा आपला पहिला उपग्रह कक्षेत गेला. ऑगस्ट १९७९ मध्ये स्वदेशी ‘एसएलव्ही-३’ चे पहिले उड्डाण अपयशी ठरले आणि तो अग्निबाण बंगालच्या उपसागरात कोसळला. त्या वेळी इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पत्रकारांसमोर गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्या शिरावर घेतली. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० रोजी, त्याच अग्निबाणाने ३५ किलो वजनाचा ‘रोहिणी’ उपग्रह यशस्वीरीत्या कक्षेत ठेवला, तेव्हा पत्रकारांशी बोलण्यासाठी धवन यांनी प्रकल्पप्रमुख डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना पुढे केले. अपयशाने माणसे हाकलली गेली नाहीत, म्हणूनच यश आले.

या कार्यक्रमाला एक सामाजिक प्रयोजनही होते. १९७५-७६ या एका वर्षात अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षण यांचे कार्यक्रम दूरचित्रवाणीवरून दाखविण्यात आले. ज्या गावांत कालपर्यंत वीजही नव्हती अशा काही गावांत माणसे संचाभोवती गोळा होऊ लागली. गरीब देशाला अवकाश कशाला हवे, या प्रश्नाचे ते प्रत्यक्ष उत्तर होते.

पाकिस्तानात काय घडले? १९७१ च्या युद्धानंतर आणि १९७४ च्या पोखरण अणुस्फोटानंतर तेथील राज्यकर्त्यांचे सारे लक्ष अण्वस्त्रांकडे वळले. पैसा तिकडे गेला, बुद्धिमान माणसेही तिकडे गेली. ‘बद्र-१’ हा पाकिस्तानचा पहिला उपग्रह कक्षेत गेला तो १६ जुलै १९९० रोजी, चीनच्या अग्निबाणावरून. २००१ नंतर दीर्घकाळ सुपार्कोचे प्रमुखपद लष्करी अधिकाऱ्यांकडे राहिले. दूरसंचार उपग्रहांसाठी विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ज्या जागा आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नेमून दिल्या जातात, त्या ठराविक मुदतीत वापराव्या लागतात, अन्यथा हक्क जातो. आपली अशी जागा टिकविण्यासाठी पाकिस्तानला २००२ च्या अखेरीस दुसऱ्या देशाचा जुना उपग्रह भाड्याने घेऊन तेथे आणावा लागला. लोकसंख्या, अर्थव्यवस्था आणि उद्योगांचा पाया यांत दोन्ही देशांत मोठे अंतर आहे, हे खरेच. परंतु तेवढ्यानेच सारे स्पष्ट होत नाही.

घालवून दिलेला शास्त्रज्ञ

पाकिस्तानच्या अवकाश कार्यक्रमाची मुहूर्तमेढ रोवण्यात ज्यांचा पुढाकार होता ते अब्दुस सलाम अहमदिया पंथाचे होते. १९७४ मध्ये पाकिस्तानच्या संसदेने घटनादुरुस्ती करून अहमदियांना मुस्लिमेतर ठरविले. त्या निर्णयाच्या निषेधार्थ सलाम सरकारी पदावरून दूर झाले आणि त्यांनी देश सोडला. १९७९ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इटलीतील त्रिएस्ते येथे त्यांनी उभारलेल्या संस्थेत गरीब देशांतील असंख्य तरुण शास्त्रज्ञ घडले. स्वतःच्या देशात मात्र मृत्यूनंतरही त्यांची उपेक्षा संपली नाही. रबवा येथील त्यांच्या थडग्यावरील लेखात ‘पहिले मुस्लिम नोबेल विजेते’ असे शब्द होते. त्यांतील ‘मुस्लिम’ हा शब्द पुसून टाकण्यात आला.

याच सलामांची आणखी एक आठवण शाळेच्या स्मरणिकेत अवश्य नोंदवावी अशी आहे. तरुणपणी त्यांना गणित शिकविणारे अनिलेंद्र गांगुली फाळणीनंतर लाहोर सोडून कलकत्त्याला आले होते. नोबेल मिळाल्यावर सलाम त्यांना भेटण्यासाठी कलकत्त्याला गेले आणि वृद्ध, आजारी गुरुजींच्या हाती त्यांनी आपले पदक ठेवले. सीमारेषेने देश वेगळे केले होते, गुरु-शिष्याचे नाते तिला तोडता आले नव्हते.

एका शास्त्रज्ञाच्या जाण्याने संपूर्ण कार्यक्रम बुडाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु जो समाज ‘तू कोणत्या पंथाचा’ हे आधी विचारतो आणि ‘तुला काय येते’ हे नंतर, तो आपल्याच बुद्धीचा एक भाग स्वतःच्या हाताने कापून टाकतो.

मागचा बाक

हे वाचून आपण निश्चिंत व्हावे का? कलामांच्याच बालपणीचा प्रसंग पाहा. त्यांच्या ‘अग्निपंख’ या आत्मचरित्रात तो आला आहे. रामेश्वरमच्या प्राथमिक शाळेत ते पुजाऱ्याच्या मुलाशेजारी पहिल्या बाकावर बसत. नव्याने आलेल्या शिक्षकांना ते रुचले नाही आणि त्यांनी या मुस्लिम मुलाला मागच्या बाकावर पाठविले. पुजाऱ्याचा मुलगा रडला. विशेष म्हणजे त्या मुलाचे वडील, मंदिराचे मुख्य पुजारी, यांनीच शिक्षकांना बोलावून खडसावले. तो मुलगा पुढे एसएलव्ही-३ चा प्रकल्पप्रमुख झाला आणि २००२ मध्ये राष्ट्रपती झाला.

पण प्रत्येक गावात असा पुजारी नव्हता. या स्मरणिकेच्या वाचकांना हे निराळे सांगण्याची गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले आणि तहान लागली तरी नळाला हात लावता आला नाही. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-आजींना तर शाळेचा उंबरठाही ओलांडता आला नाही. त्या उंबरठ्याबाहेर किती गणिती, किती अभियंते, किती शास्त्रज्ञ राहून गेले, याची मोजदाद कोणत्याही देशाच्या अंदाजपत्रकात होत नाही. सलामांना कायद्याने बाहेर काढले, आपल्याकडे हे काम शतकानुशतके रूढीने केले. शेजाऱ्याच्या चुकीकडे बोट दाखविण्यापूर्वी हा हिशेब मांडला पाहिजे.

स्पर्धा कोणाशी?

शेजाऱ्यांमधील स्पर्धेची एक अनिष्ट बाजूही आहे. २००७ मध्ये चीनने आणि २०१९ मध्ये भारताने स्वतःचाच उपग्रह क्षेपणास्त्राने पाडून सामर्थ्य दाखविले. अशा स्फोटांचे तुकडे कक्षेत फिरत राहतात आणि ते कोणाच्या उपग्रहावर आदळतील, हे राष्ट्रध्वज पाहून ठरत नाही. ५ मे २०१७ रोजी भारताने दक्षिण आशियातील शेजाऱ्यांच्या उपयोगासाठी एक दूरसंचार उपग्रह सोडला. पाकिस्तान त्या प्रकल्पाबाहेर राहिला. वास्तविक मोसमी ढग, चक्रीवादळे आणि सिंधूचे पाणी सीमा पाळत नाहीत. २०२२ मध्ये पाकिस्तानात आलेल्या महापुराने कोट्यवधी लोकांची दैना केली. अशा संकटाची पूर्वसूचना देणारी माहिती दोन्ही तीरांवरील शेतकऱ्याला सारखीच हवी असते.

मे २०२४ मध्ये चीनच्या चांद्रमोहिमेबरोबर ‘आयक्यूब-कमर’ हा छोटासा पाकिस्तानी उपग्रह चंद्राच्या कक्षेत गेला. तो घडविण्यात इस्लामाबादच्या एका संस्थेतील शिक्षक आणि विद्यार्थी यांचा सहभाग होता. भ्रमणध्वनीवर त्याची टवाळी करणारे संदेश आपल्याकडेही फिरले असतील. ज्या विद्यार्थ्यांनी आपल्या हातांनी घडविलेली वस्तू चंद्रापर्यंत पोहोचविली, त्यांची थट्टा करणे कोणत्याही शाळेच्या माजी विद्यार्थ्याला शोभणारे नाही. थुंबाला अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले जात होते, तेव्हा आपणही तेथेच उभे होतो.

साठ वर्षांच्या या कथेचा अर्थ एवढाच की, अवकाशातील शर्यत प्रक्षेपणतळावर जिंकली किंवा हरली जात नाही. तिचा निकाल त्याआधी वीस-तीस वर्षे कोठल्यातरी वर्गात लागलेला असतो. कोणाला पहिल्या बाकावर बसविले, कोणाला मागे पाठविले आणि कोणाला दाराबाहेर ठेवले, यावर तो ठरतो. दूरच्या पाड्यांवरून, ऊसतोडीच्या कोपीवरून, शहराच्या झोपडवस्तीतून एखादे मूल पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहाच्या दारात उभे राहते, तेव्हा देशाच्या अवकाश कार्यक्रमाचाही एक निर्णय होत असतो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी शाळेत याल तेव्हा सत्कार स्वीकारून लगेच परतू नका. थोडा वेळ प्रयोगशाळेत जा. भिंग, तराजू, विजेची उपकरणे मुलांच्या हाताला लागतात की कुलूपबंद कपाटात राहतात, ते पाहा. कमी असेल ते आणून द्या. आणि वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलीला विचारा, तिला आकाशाविषयी काय जाणून घ्यायचे आहे.