टाच दुखते? आधी हे वाचा

सकाळी लादीवर पाय टेकताच टाचेत कळ येते आणि चार पावलं चाललं की ओसरते? मग बहुधा हा प्लांटर फॅसिआयटिस. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला तळपायाचा जाड पट्टा दुखावलेला असतो. एक्स-रेत ‘हाड वाढलंय’ म्हणून घाबरू नका. तसं हाड न दुखणाऱ्या टाचांतही सापडतं. उपाय तसा कंटाळवाणाच आहे. अंथरुणातून उठण्याआधी पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून १० सेकंद धरा, असं १० वेळा. पोटरीलाही ताण द्या. घरात अनवाणी फिरू नका. झिजलेली सपाट स्लीपर तर टाकूनच द्या. बहुतेकांना आराम पडतो, पण काही महिने जातात. बधिरपणा, सूज, रात्रीचा ठणका किंवा मधुमेह असेल, तर थेट डॉक्टरांना दाखवा.