फोटोसाठी तिथे जावंच लागतं

युद्धाची बातमी फोनवरून माहिती घेऊनही लिहिता येते. फोटोग्राफरला मात्र तिथे जावंच लागतं. दानिश सिद्दीकी यांचंच बघा ना. टीव्हीतली नोकरी सोडून २०१० मध्ये ते रॉयटर्समध्ये इंटर्न म्हणून लागले. पुढे इराकमधली मोसुलची लढाई त्यांनी टिपली. २०१७ मध्ये बांगलादेशच्या किनाऱ्यावर होडीतून उतरलेली, दमलेली रोहिंग्या बाई वाळूला हात लावते, तो फोटो त्यांचाच. त्या कामासाठी २०१८ मध्ये रॉयटर्सच्या टीमला पुलित्झर मिळालं. १६ जुलै २०२१ ला कंदाहार प्रांतातल्या स्पिन बोल्दकमध्ये, अफगाण सैनिकांसोबत असताना, ते मारले गेले. वय अवघं ३८. असा फोटो पुढे सरकवण्याआधी एवढंच आठवा: कॅमेऱ्यामागेही एक माणूस उभा होता.