दोन बोस आणि एक पाहुणी

शनिवारची संध्याकाळ. जबलपूरच्या कमानिया गेटच्या कमानीखाली एक ई-रिक्षा, कपड्यांचे गठ्ठे लादलेला हातठेला आणि एक गाय यांनी मिळून वाट अडवली आहे. गायीला घाई नाही, बाकी सगळ्यांना आहे. सराफ्याकडून येणारे आणि फुहाऱ्याकडून येणारे एकमेकांवर हॉर्न वाजवताहेत. आजोबा मात्र काठी वर करून, भर गर्दीत, पाहुणीला गेट दाखवताहेत.

पाहुणी जपानची. टोकियोत हिंदी शिकली, आता पुढच्या अभ्यासासाठी आग्र्याच्या केंद्रीय हिंदी संस्थानात आहे. माझी चुलत बहीण आग्र्याला नोकरी करते. तिच्याबरोबर ही दोन दिवस काकांकडे राहायला आली आहे. तिचं हिंदी इतकं शुद्ध, की मघाशी तिने रिक्षावाल्याला ‘कृपया प्रतीक्षा कीजिए’ म्हटलं, तेव्हा तो बिचारा हात जोडूनच उभा राहिला.

आजोबा हिंदीतून सांगताहेत. हे गेट त्रिपुरी काँग्रेसच्या आठवणीसाठी बांधलेलं. त्रिपुरी म्हणजे भेडाघाटच्या रस्त्यावरचं तेवर, कलचुरी राजांची जुनी राजधानी. मार्च १९३९. गांधीजींच्या मनातले उमेदवार पट्टाभि सीतारामय्या यांना हरवून सुभाषचंद्र बोस अध्यक्ष झालेले, पण अंगात सणकून ताप. अधिवेशन बावन्नावं, म्हणून मिरवणुकीला बावन्न हत्ती. अध्यक्ष आजारी, तेव्हा हत्तीवरून त्यांची तसबीर निघाली. ‘माझे वडील गर्दीत होते,’ आजोबा म्हणतात, आणि जणू तेही तिथे होते अशा थाटात काठी आपटतात. एप्रिल संपायच्या आत सुभाषबाबूंनी राजीनामा दिला, हे मात्र ते पटकन उरकून टाकतात.

पाहुणी मान हलवत ऐकते. मग विचारते, ‘बोस? नाकामुराया के बोस?’

आजोबा माझ्याकडे बघतात. मी बहिणीकडे.

तेवढ्यात काका बडकुलांकडून खव्याची जिलबी घेऊन येतात. जाडजूड, काळपट तपकिरी, आत पाक मुरलेली. आपल्या कुरकुरीत जिलबीशी हिची सोयरिक फक्त आकारापुरती. पाहुणी द्रोण दोन्ही हातांनी घेते, एक घास खाते, डोळे मिटते. मग उभ्या उभ्याच नाकामुरायाची गोष्ट सांगते. तिचा बोस वेगळा आहे.

तो रासबिहारी बोस. १९१२ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंगवर बॉम्ब पडला, त्या कटातला. १९१५ मध्ये तो जपानला निसटला. इंग्रजांनी दबाव आणला आणि जपान सरकारने त्याला देश सोडायचा हुकूम काढला. तेव्हा शिंजुकूमध्ये ‘नाकामुराया’ नावाची बेकरी चालवणाऱ्या सोमा नवराबायकोने त्याला दुकानामागच्या चित्रकाराच्या खोलीत लपवलं. ना ओळख, ना भाषा. पुढे १९१८ मध्ये त्यांच्याच मुलीशी, तोशिकोशी, त्याचं लग्न झालं. ती १९२५ मध्ये गेली, पण जावयाचं आणि सासरचं नातं तुटलं नाही. १९२७ मध्ये नाकामुरायाने दुकानातच खाणावळ उघडली आणि जावयाने शिकवलेली भारतीय करी तिथे मिळू लागली. ती आजही मिळते.

‘अहो, म्हणजे ज्यांनी १९४३ ला सिंगापूरमध्ये सगळी सूत्रं सुभाषबाबूंच्या हातात दिली तेच हे!’ आजोबा आनंदाने मराठीतच ओरडतात. मग हिंदीत पुन्हा सांगतात. एकाचं गेट, दुसऱ्याची करी, आणि दोघांची गाठ सिंगापुरात. गाय एव्हाना निघून गेलेली असते. आता वाट आम्ही अडवली आहे.

निघताना पाहुणी रिकामा द्रोण टाकायला डबा शोधते. डबा दिसत नाही. ती द्रोण नीट घडी करून, कागदात गुंडाळून पिशवीत ठेवते. काका आपला द्रोण टाकायला उचललेला हात तसाच खाली घेतात.

घरी आल्यावर ती चप्पल काढते, वाकून तिची टोकं दाराकडे फिरवते. मग शेजारच्या आमच्या पाच जोड्याही फिरवते. काकू कौतुकाने बघते आणि लगेच आत पाणी तापत ठेवते. ‘दमली असेल, आधी तिला अंघोळ करू दे.’ त्यावर पाहुणी सांगते, त्यांच्याकडेही पाहुण्याचा नंबर पहिला. टबात गरम पाणी भरायचं, पाहुणा आधी उतरणार, मागून त्याच पाण्यात घरचे.

‘सगळे एकाच पाण्यात?’ काकूचा हात कपाळाला.

‘अंग बाहेर धुऊन मग उतरायचं,’ ती घाईघाईने खुलासा करते. काकूची खात्री पटत नाही.

रात्री जेवताना समजतं, की तिच्या आईकडे परदेशी विद्यार्थी शनिवार-रविवारी राहायला येतात. व्हिएतनामचे, नेपाळचे. आईचा नियम एकच. पहिल्या दिवशी पाहुण्याने बसून राहायचं, दुसऱ्या दिवशी भांडी पुसायची. नाहीतर तो बिचारा परका म्हणून आला तसाच सोमवारी परका म्हणून जातो. हे सांगून ती ताट उचलायला उठते. काकू तिला खांद्याला धरून खाली बसवते. ‘हा पहिलाच दिवस आहे.’

रविवार सकाळ. संक्रांत होऊन गेली आहे, दुपारी काकूकडे हळदीकुंकू. स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर मटारचा ढीग. जानेवारीत जबलपूरच्या कुठल्याही घरात जा, हा ढीग असतोच. शहापुरा-पाटणकडचा मटार पोत्यांनी बाजारात येतो. पाहुणी न विचारता मांडी घालून बसते. शेंगेच्या शिवणीवर अंगठा दाबायचा, टच्च आवाज झाला की दाणे वाटीत सरकवायचे. दहा मिनिटांत तिचा वेग काकूच्या बरोबरीला येतो.

‘याची करी करू?’ ती विचारते. लोण्यात मैदा भाजायचा, त्यात करीची पूड.

‘मैदा? खळ करतेस की काय?’ काकू हबकते.

पाहुणी हसते. जपानात घरोघरी होते ती करी इंग्रजांकडून आलेली, पिठाने दाट केलेली. रासबिहारींना तीच खटकली होती. खरी करी अशी नसते, म्हणून त्यांनी आपल्या मसाल्यांचा आग्रह धरला.

दारातून आजोबा निकाल देतात, ‘मग बोसबाबूंचीच होऊ दे. कोंबडी सोडून.’

काकू मिसळणाचा डबा तिच्यापुढे सरकवते. मोहरी तडतडू द्यायची, हिंग चिमूटभर, हळद जपून. पाहुणी प्रत्येक वाटीचा वास घेऊन नाव विचारते. फोडणीचा धूर उठतो, ती खोकते, डोळे पुसते, पळी काही सोडत नाही. काकू चव बघते, गोडा मसाला आणखी अर्धा चमचा घालायला लावते.

एवढ्यात शेजारच्या काकू वाणाच्या वाट्या मोजायला मदत म्हणून लवकरच येऊन थडकतात. गॅसपाशी ओढणी कमरेला खोचून उभी असलेली मुलगी बघून दारातच थबकतात.

‘कोण गं ही?’

‘आमच्याकडचीच,’ काकू मागे न बघता म्हणते. ‘पाट घे, उसळ खा. मीठ कमी असेल तर तिला सांग, मला नको.’