छोटी आलिशान एसयूव्ही: सही करण्याआधी

बोधचिन्हाआधी बॉनेटखाली काय आहे ते विचारा. २०२३ मध्ये भारतात आलेल्या बीएमडब्ल्यू एक्स-१ च्या पेट्रोल आवृत्तीत दीड लिटरचं तीन सिलिंडरचं, १३६ अश्वशक्तीचं इंजिन होतं आणि ताकद फक्त पुढच्या चाकांना. २०२२ च्या ऑडी क्यू-३ मध्ये दोन लिटर, १९० अश्वशक्ती, चारही चाकांना. वरंध घाटाच्या पावसाळी चढावर हा फरक जाणवतो. रोजच्या शहरी कोंडीत फारसा नाही.

चाचणीला घरची माणसं न्या. मागच्या सीटवर मांड्यांना आधार मिळतो का, तिघं बसतात का, स्टेपनी डिकीची जागा खाते का, हे तिथंच कळतं. जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर किती दूर आहे आणि एक टायर केवढ्याला पडतो, हे विचारल्याशिवाय बुकिंगची रक्कम भरू नका.